भिंगापुढील काचेची निगा



कॅमेरा बाळगणाऱ्या मनुष्याच्या खिशात बहुधा एक हातरुमाल असतो, आणि कॅमेऱ्याच्या काचेला जी इजा होते तिच्यापैकी पुष्कळशी या हातरुमालानेच होते. काच मळलेली दिसली की ती पुसावी, हा संस्कार आपल्या अंगी लहानपणापासून मुरलेला आहे. कंदिलाची काच, आरसा, तसबिरीची काच, चष्मा या साऱ्या वस्तू आपण तोंडाची वाफ देऊन आणि सदऱ्याच्या टोकाने घासून लख्ख करीत आलो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे जी वाटोळी चकती बसवितात, जिला आपण फिल्टर म्हणतो, तीही काचच. मग तिला वेगळा न्याय कशासाठी, असे कोणास वाटले तर ते स्वाभाविकच आहे. परंतु आजच्या बहुतेक चांगल्या फिल्टरांची काच ही नुसती काच नसते. तिच्या दोन्ही अंगांवर एक अत्यंत तलम लेप दिलेला असतो. हा लेप कशासाठी असतो, तो कशाने बिघडतो, आणि तो न बिघडविता काच स्वच्छ कशी करावी, एवढ्याच गोष्टी आज आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

प्रथम लेपाचे प्रयोजन पाहू. साध्या काचेवर प्रकाश पडला की त्याचा सर्वच भाग काचेतून पलीकडे जात नाही. शंभरातील सुमारे चार भाग काचेच्या पृष्ठभागावरून परत फिरतात. काचेच्या चकतीला पृष्ठभाग दोन. म्हणजे एका कोऱ्या फिल्टरपायी शंभरातील आठ भाग प्रकाश वाया जातो. ज्या भिंगात चार सुट्या काचा आहेत त्यात असे आठ पृष्ठभाग होतात, आणि हिशेब केला तर पाव हिश्श्याहून अधिक प्रकाश वाटेतच हरवतो. निव्वळ हरवला असता तरी एक वेळ चालले असते; पण तो काचाकाचांमध्ये इकडून तिकडे भटकत राहतो आणि अखेर छायाचित्रावर धूसर पडदा पसरवितो. रात्रीच्या वेळी दिव्यांच्या माळेचे छायाचित्र घ्यावे, तर खऱ्या दिव्यांच्या जोडीला खोट्या दिव्यांची फिकट प्रतिबिंबे उमटतात, ती या भटक्या प्रकाशाचीच करणी होय.

या दुखण्यावरील उपाय कसा हाती आला, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे. इंग्लंडात यॉर्क येथील कुक नावाच्या कारखान्यात हॅरल्ड डेनिस टेलर नावाचे भिंगरचनाकार होते. जुनी होऊन पृष्ठभागावर किंचित डाग धरलेली भिंगे नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे जाऊ देतात, ही चमत्कारिक वाटणारी गोष्ट १८९० नंतरच्या दशकात त्यांच्या ध्यानात आली. काळाने काचेवर आपण होऊन चढविलेला तो पापुद्राच उपकारक ठरला होता. तसा पापुद्रा मुद्दाम, हव्या त्या जाडीचा, निर्वात पेटीत चढविण्याची रीत जर्मनीत येना येथील त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली सिद्ध केली. पुढे १९७० च्या दशकात एकावर एक अनेक थर देण्याची पद्धत छायाचित्रणाच्या भिंगांसाठी बाजारात आली. इंदूर येथे नोकरीत असताना छायाचित्रणाकडे वळलेले व पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यांनी जन्मभर वापरलेल्या भिंगांना असा लेप ठाऊकच नव्हता. आज मात्र साध्या कॅमेऱ्यालाही तो असतो.

लेपाचे कार्य चालते ते असे. लेपाच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परततो आणि खालच्या, म्हणजे काचेला चिकटलेल्या पृष्ठभागावरूनही थोडा परततो. लेपाची जाडी अशी बेतलेली असते की, या दोन परतणाऱ्या लाटांपैकी एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र यावा. चढ आणि उतार परस्परांना नाहीसे करतात, आणि परतू पाहणारा प्रकाश पुढे काचेत जातो. मॅग्नेशियम फ्लोराईड या क्षाराचा एकच थर दिला तरी परतणारा प्रकाश शंभरात चारांवरून दीडाच्याही खाली येतो. अनेक थर दिले तर अर्ध्या भागाहूनही कमी होतो. मात्र यासाठी त्या एका थराची जाडी असते एका मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे हजार थर सहज मावतील. एवढ्या नाजूक वस्तूशी आपली गाठ आहे, हे आधी मनात ठसले पाहिजे.

आता या विषयातील खरी मेख सांगतो. लेप दिलेली काच साध्या काचेपेक्षा अधिक मळकी दिसते. ती अधिक मळते असे नव्हे. मळ तिच्यावर अधिक उठून दिसतो. कोऱ्या काचेवर बोटाचा ठसा उमटला, तर तो तेलकट ठसा आणि भोवतालची काच जवळजवळ सारखीच चमकतात, म्हणून तो सहसा नजरेत भरत नाही. लेपाच्या काचेवर मात्र भोवतालची चमक जवळपास नाहीशी झालेली असते. बोटाचे तेल लेपावर पसरताच लाटांचा तो नेमका जमविलेला मेळ त्या जागी मोडतो, आणि तेवढाच ठिपका भोवतालच्या मानाने कितीतरी पट झळकू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, काय ही घाण! मग तो घासतो. घासल्याने तेल जात नाही, पसरते. जांभळ्या-हिरव्या छटा सर्वत्र दिसू लागतात. म्हणून तो आणखी जोराने घासतो. लेपाची हानी होते ती बहुधा अशा रीतीने, डोळ्याने हाताला दिलेल्या या चिथावणीमुळे.

घासण्याने अपाय होतो तो तरी कशाचा? फडक्याचा नव्हे, फडके काचेहून कितीतरी मऊ असते. अपाय होतो फडक्याखाली सापडलेल्या धुळीचा. आपल्याकडील धुळीत वाळूचे, म्हणजे गारेच्या जातीचे बारीक कण पुष्कळ असतात. कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी खनिजशास्त्रात वापरतात तिच्यावर गार सातव्या पायरीवर येते, तर सामान्य काच आणि लेप साधारण पाचव्या-सहाव्या पायरीवर. कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा काढते, हा नियम अटळ आहे. धूळ न झटकता फडके फिरविणे म्हणजे त्या फडक्याचा पॉलिश-कागद करून तो काचेवर चालविणे होय. असा एखादा ओरखडा छायाचित्रात दिसणारही नाही. परंतु रोज थोडे याप्रमाणे वर्षभरात हजारो बारीक रेघांचे जाळे तयार होते, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दिव्याभोवती जशी प्रभा दिसते तशी प्रत्येक छायाचित्रात दिसू लागते. लेप एकदा खरवडला गेला की तो घरी दुरुस्त करता येत नाही. कारखान्यात पुन्हा चढवावयाचा तर नव्या फिल्टरहून अधिक खर्च होईल.

म्हणून पहिला प्रश्न, कशाने पुसावे हा नसून, पुसावे काय, हा आहे. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरवर एक दशांश मिलिमीटर व्यासाचा धुळीचा कण बसला, तर तो काचेचा अडीच लाखावा हिस्सा झाकतो. शिवाय तो भिंगाच्या इतका निकट असतो की त्याची स्पष्ट आकृती चित्रात उमटूच शकत नाही. सूर्य समोर असताना रुंद कोनाच्या भिंगाने चित्र घ्यावयाचे असेल, तरच असले कण त्रास देतात. तेव्हा चारदोन कण दिसले म्हणून काचेला हात लावू नये. तेलाचा ठसा मात्र राहू देऊ नये. तो प्रकाश विखरतो, चित्रातील काळा रंग करडा करतो, आणि फार दिवस राहिल्यास निघेनासा होतो. धूळ थोडी सोसावी, तेलाचा डाग सोसू नये, एवढे धोरण ठेवले तरी पुसण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

मळाचे प्रकार मुख्यत्वे तीन, आणि प्रत्येकाचे औषध निराळे. कोरड्या धुळीचे औषध हवा. खाऱ्या डागाचे औषध पाणी. तेलकट डागाचे औषध स्पिरिट अथवा साबण. यांची अदलाबदल केली की घोटाळा होतो. गोव्याच्या किनाऱ्यावर लाटांचे तुषार फिल्टरवर बसून सुकले, तर मागे मिठाचे स्फटिक राहतात. मीठ स्पिरिटात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. तेथे स्पिरिटाचा बोळा फिरविणे म्हणजे स्फटिक काचेवरून ओढणे होय. ते शुद्ध पाण्यानेच विरघळवावयास हवेत. उलट, लग्नघरी हळदीचे तेलकट बोट काचेला लागले, तर नुसत्या पाण्याचा उपयोग नाही. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळतो. गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उडाला, तर तो आधी कोरडाच फुंकून काढावा. ओला केल्यास रंग सुटतो आणि कडीच्या खाचेत जाऊन बसतो. ग्वाल्हेरकडील उन्हाळ्यातील झळांबरोबर येणारी बारीक धूळ, किंवा माळव्यातील काळ्या मातीची भुकटी, हिचा उपचार तर सर्वस्वी हवेनेच करावा.

आता प्रत्यक्ष कृती. टेबलावर स्वच्छ मऊ पंचा अंथरावा, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, आणि फिल्टर कॅमेऱ्यावरून उलगडून काढावा. कॅमेऱ्याचे तोंड लगेच झाकणाने बंद करावे. फिल्टर नेहमी धातूच्या कडीला धरावा, काचेला बोट लागू देऊ नये. मग काच खालच्या बाजूस तिरपी धरून रबरी फुग्याच्या फुंकणीने पाच-सहा वेळा जोराने हवा मारावी, म्हणजे सुटलेली धूळ पुन्हा काचेवर न बसता खाली पडते. ही फुंकणी छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात मिळते. तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे सूक्ष्म थेंब जातात आणि एका डागाचे दहा होतात. दाबलेल्या हवेचे जे डबे मिळतात तेही टाळावेत. डबा तिरपा झाला तर त्यातील द्रव काचेवर उडून डाग पाडतो. फुंकणीने न हललेले कण अगदी मऊ केसांच्या ब्रशाने, न दाबता, अलगद उडवावेत. हा ब्रश दुसऱ्या कशासाठीही वापरू नये आणि त्याच्या केसांना बोट लावू नये; बोटाचे तेल केसांतून काचेवर येते.

पुष्कळदा काम येथेच संपते, आणि संपले असेल तर पुढे जाऊ नये. डाग उरलाच असेल तर भिंग पुसण्याचा तलम कागद अथवा नुकतेच धुतलेले मायक्रोफायबरचे फडके घ्यावे. त्यावर भिंगासाठी विकत मिळणाऱ्या द्रवाचा, अथवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक-दोन थेंब टाकावा. थेंब कागदावर टाकावा, काचेवर नव्हे. काचेवर टाकलेला द्रव कडीखाली शिरतो आणि तेथील मळ घेऊन तासाभराने पुन्हा बाहेर येतो. नंतर काचेच्या मध्यापासून सुरुवात करून, फिरकीसारखी गोल वळणे घेत कडेपर्यंत यावे. मळ मध्यातून कडेला नेऊन सोडावयाचा, पुन्हा मध्याकडे आणावयाचा नाही, हा या वळणांचा हेतू. बोटाचा भार कागदाच्या वजनाहून फारसा अधिक नसावा. एक फेरी झाली की कागद टाकून द्यावा. डाग उरल्यास नवा कागद, नवा थेंब. द्रवाला डाग विरघळविण्यास अवधी द्यावा. ते काम जोराने होत नाही. फिल्टरला मागची बाजूही आहे, हे विसरू नये; तीही अशाच रीतीने पाहावी.

फिल्टर कॅमेऱ्यापासून वेगळा होतो, हा त्याचा मोठा गुण आहे. भिंग नळाखाली धरता येत नाही, पण एकाच सलग काचेचा फिल्टर धरता येतो. फार मळलेला, समुद्राचे पाणी उडालेला अथवा चिखल लागलेला फिल्टर आधी कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली धरून वाळूचे कण वाहू द्यावेत. मग भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळून त्याने बोटाच्या मऊ पेराने हलकेच धुवावा, पुन्हा भरपूर पाण्याने खळबळावा. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार सुकल्यावर पांढरे ठिपके सोडतात. म्हणून शेवटचे खळबळणे बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने करावे. नंतर चोळून न पुसता तलम कागदाने थेंब टिपून घ्यावेत. हात निसटण्याची भीती असते, तेव्हा मोरीत आधी जाड पंचा घालून ठेवणे शहाणपणाचे.

परंतु येथे अपवाद नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. पोलरायझिंग फिल्टरमध्ये दोन काचांच्या मध्ये एक पातळ पडदा चिकटविलेला असतो. त्यास पाण्यात बुडविले तर कडेने ओल शिरून पडदा सुटतो. दोन फिरत्या कड्यांचे, प्रकाश कमी-अधिक करणारे फिल्टरही त्याच जातीचे. त्यांना ओलसर कागदाखेरीज दुसरे काही लावू नये. जिलेटिनचे पातळ रंगीत फिल्टर तर कोणताही द्रव सोसत नाहीत. ते केवळ फुंकणीने झाडावेत. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित, १९४० ते १९५० च्या सुमाराचा कॅमेरा असेल, त्यांनी हेही जाणावे की त्या काळातील काही लेप आजच्या मानाने मऊ होते. तेथे दुप्पट जपावे.

काय वापरू नये, याची यादी करणे सोपे आहे, कारण त्या साऱ्या वस्तू हाताशीच असतात. धोतराचा सोगा, साडीचा पदर, सदऱ्याचे टोक यांत दिवसभराची धूळ व घाम असतो. वर्तमानपत्राचा कागद खिडकीच्या काचेला ठीक, येथे नको. तोंड पुसण्याच्या कागदी रुमालात लाकडाचे तंतू असतात, काहींत सुगंधी मलमही असते. खिडक्या धुण्याच्या द्रवांत अमोनिया असतो, तो काही लेपांना मानवत नाही. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन कडीवरील काळा रंग व प्लॅस्टिक विरघळविते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात अल्कोहोल असते खरे, परंतु त्यात ग्लिसरीनही असते आणि ते काचेवर चिकट पापुद्रा ठेवते. औषधाच्या दुकानातील काही स्पिरिटांत रंग वा तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात, तेही वर्ज्य. आणि स्पिरिट कोणतेही असो, ते पेटते, म्हणून समई-निरांजनापासून व शेगडीपासून दूर बसूनच हे काम करावे.

पावसाळ्यात गोवा, बेळगाव या बाजूला काचेचा आणखी एक शत्रू जागा होतो, तो म्हणजे बुरशी. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि काचेवर बोटाच्या तेलाचा अंश असला, की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरू लागतात. ही बुरशी आम्ल सोडते आणि लेप कुरतडते. मग पुसून तंतू गेले तरी त्यांची नक्षी कायम राहते. म्हणून पावसाळ्यापूर्वी फिल्टर स्वच्छ करून, पूर्ण कोरडा झाल्यावरच डबीत घालावा. चामड्याची पिशवी ओल धरते, तीत कॅमेरा महिनोन्‌महिने कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून त्यात साहित्य ठेवावे. निळ्या जातीचे दाणे गुलाबी झाले की त्यांची शक्ती संपली असे समजून ते सुकवावेत अथवा बदलावेत. आणि ऊन पडेल त्या दिवशी डबा उघडून कॅमेरा हाताळावा; वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी क्वचितच धरते.

फिल्टर भिंगाच्या रक्षणासाठीच लावतात, तो खराब झाला तर नवा घेऊ, असे कोणी म्हणेल. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात अतिनील किरण अडविण्याची सोय आतच असल्यामुळे साधा अतिनील फिल्टर बहुतांशी रक्षणापुरताच उरला आहे, हेही खरे. परंतु बिघडलेला फिल्टर बदलेपर्यंत घेतलेली छायाचित्रे बदलता येत नाहीत. जो छायाचित्रकार लग्न-मुंजींवर पोट भरतो, त्याला मंगलाष्टके दुसऱ्यांदा म्हणवून घेता येत नाहीत. मांडवातील झगमगत्या दिव्यांपुढे ओरखडलेल्या काचेने घेतलेला वधूचा चेहरा जन्मभर धूसरच राहतो. शिवाय हाताला जी सवय फिल्टरवर लागते, तीच एक दिवस भिंगावर चालते, आणि भिंगाची किंमत फिल्टरच्या कितीतरी पट असते.

ज्यांनी कॅमेरा कधी हाती धरला नाही, त्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. आज चष्म्याच्या अनेक काचांवर याच जातीचा लेप असतो, आणि त्या बहुधा काचेहून मऊ अशा प्लॅस्टिकच्या असतात. सकाळी उठल्याबरोबर कोरडा चष्मा पदराला पुसण्याऐवजी तो आधी नळाच्या बारीक धारेखाली धरावा, साबणाच्या एका थेंबाने धुवावा आणि मऊ फडक्याने टिपावा. तो पुष्कळ अधिक काळ टिकेल.

सारांश, आधी पाहावे, मग हवा मारावी, मग ब्रश, आणि अगदी गरज पडली तरच ओला कागद. ही क्रमवारी मोडू नये आणि तीमधील पहिल्या पायरीवर काम भागत असेल तर दुसरी चढू नये. फुंकणी, ब्रश, तलम कागदाची एक पुडी आणि द्रवाची लहानशी कुपी, एवढे साहित्य कॅमेऱ्याच्या पिशवीच्या एका कप्प्यात मावते. ते तेथे असले म्हणजे खिशातील हातरुमालाकडे हात जाणार नाही.